महिनाभराच्या योग चॅलेंजमध्ये दहाव्या दिवसानंतर उत्साह कसा टिकवावा?

तुम्ही लिहिलंय की दहाव्या दिवसापासून पहाटे उठवत नाही, ग्रुपवर रोज फोटो टाकायचा ताण येतो आणि एक दिवस चुकला की यादीतून नाव काढतात. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढावा का, असंही विचारलंय. नाव काढण्याचं वाचलं आणि लिहायला बसले, कारण माझंही नाव असंच काढलं होतं.

आधी तुमचं. उत्साह टिकत नसतो, त्याच्या मागं लागू नका. पहिल्या आठवड्यात नवेपण असतं, मांड्या दुखतात तेही बरं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबतं आणि फरकही दिसत नाही. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढं वाकताना, बोटं जिथं पोचत होती तिथंच, नडगीच्या मध्यावर. हे दिवस सगळ्यांना जड जातात. अशा दिवसांसाठी एक लहान, ठरलेला अभ्यास बाजूला काढून ठेवा. माझा आहे तीन सूर्यनमस्कार, भुजंगासन आणि शवासन. तेवढं झालं की त्या दिवसाचा अभ्यास झाला, मन खायचं नाही. मॅट रात्रीच अंथरून ठेवायची. पहाटे जमत नसेल तर संध्याकाळी करा, जेवून तीन-चार तास झालेले असले म्हणजे पुरे. आणि उठसूट आळशी म्हणून स्वतःला बोल लावू नका. पतंजलींनी योगसूत्रांत योगाच्या वाटेवरचे नऊ अडथळे मोजलेत. त्यात सगळ्यात पहिला आजार आहे, संशय आहे, गाठलेल्या पायरीवर टिकता न येणं हाही आहे. आळस त्या नवांतला फक्त एक. तुम्हाला रात्री पाचच तास झोप मिळत असेल तर कुणी कितीही प्रेरणा देऊ दे, अंग उठणार नाही.

आता माझं. मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. इथल्या एका संस्थेनं 21 जून ते 20 जुलै असं महिन्याचं चॅलेंज ठेवलं होतं. पहाटे साडेपाचला हॉलवर हजेरी, नाही जमलं तर घरून करून ग्रुपवर फोटो, आणि शेवटी सर्टिफिकेट. 21 जून हा आपल्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, तारखेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बेळगावात त्या दिवसांत पाऊस असा लागतो की मोठा दिवस आहे हे कळतही नाही. पहाटे अंधार, अंगावर स्वेटर, हॉलच्या फरशीला ओल सुटलेली. मॅट वाळत नाही, दोन दिवसांत तिला कुबट वास मारतो. तरी मी रोज जात होते. रेनकोट घालून, पहिलं रेल्वे गेट ओलांडून, वेळेच्या आधी.

जुलैत माहेराहून फोन आला. माहेर जांबोटीकडं, खानापूर तालुक्यात. रोपं लावायची वेळ झाली होती, चिखल तयार होता आणि गडी-बाया मिळत नव्हत्या. भाताचं रोप तुमच्यासाठी थांबत नाही. वाफ्यात जास्त दिवस राहिलं की निबर होतं, मग फुटवे कमी येतात आणि वर्षाचं पीक बसतं. मी संस्थेतल्या योगाच्या सरांना सांगून गेले. म्हटलं, चार-पाच दिवस तिकडं आहे, अभ्यास चुकवणार नाही, पण तिथं रेंज नाही, फोटो येणार नाही. ते मान हलवून "बरं" म्हणाले.

रोप लावणी ज्यांनी केलेली नाही त्यांना सांगते. सकाळी वाकायचं ते दुपारी भाकरी खाईपर्यंत. डोक्यावर इरलं, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात, आणि मागं मागं सरकत लावत जायचं. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. शेतातलं काम हाच आमचा योग, असं गावाकडं अभिमानानं म्हणतात, ते मला पटत नाही. दिवसभर एकाच बाजूला वाकणं हा योग नव्हे, आणि त्यानं आमच्या घरातल्या किती बायांच्या कमरा गेल्यात ते मी बघितलंय. म्हणूनच तिथं अभ्यासाची खरी गरज होती.

पहिल्या संध्याकाळी मी सोप्यावर सतरंजी टाकून एकटीच पडले. पालथी होऊन भुजंगासन, मग उताणी होऊन कुल्ले भिंतीला टेकवले आणि पाय वर, विपरीत करणी. आई चुलीपाशी होती. ती आली आणि बघत राहिली. म्हणाली, "कंबर हलकी होतेय काय गे असं केल्यावर?" म्हटलं, पड की माझ्या शेजारी. दुसऱ्या दिवशी वहिनी आली, शेजारची काकी आली. चौघींचे पाय भिंतीला. धुतले तरी नखांत आणि टाचांच्या भेगांत चिखल राहिलेलाच, त्याचे डाग पांढऱ्या भिंतीवर उमटले. आई म्हणाली, "आता गणपतीला परत रंग काढायला लागतोय की!" पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी तीच येऊन पडली होती.

बेळगावला परतले तर ग्रुपमधल्या यादीत माझ्या नावावर रेघ. सरांना विचारलं. चारचौघांत म्हणाले, "ताई, नैरंतर्य लागतं. ज्याला एक महिना जमत नाही त्याला जन्मभर काय जमणार?" मी तेव्हा काही बोलले नाही, मॅट उचलून घरी आले. आज बोलते.

सरांनी पतंजलींच्या ज्या सूत्राच्या आधारावर मला नैरंतर्य, म्हणजे खंड न पाडणं, ऐकवलं, त्यात नैरंतर्याच्या आधी दीर्घकाळ सांगितलाय आणि नंतर आदर. महिना हा दीर्घकाळ नव्हे. आणि शेतातून थकून येऊन ओल्या सोप्यावर आईला शेजारी घेऊन केलेला अभ्यास फोटो नाही म्हणून धरायचाच नाही, यात आदर कुठं आला?

दुसरं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगून पाहिलं. ते 2010 मध्ये छापून आलंय. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब आला. म्हणजे बहुतेकांची सवय महिन्यात पुरी होतच नाही. आणि एखादी वेळ चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. एक दिवस चुकला की बाद, या नियमाला काय आधार आहे ते सरांनी सांगावं.

तिसरी गोष्ट आमच्या बेळगावची, आणि इथल्या प्रत्येक योगवर्गात ती सांगायला पाहिजे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार तरुणपणी, 1936 साली, आपल्या गुरूंबरोबर या उत्तर कर्नाटकात योगाची प्रात्यक्षिकं करत फिरले. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ती पाहिली, आणि त्यांच्याच खटपटीनं अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला शिकवायला गेले. बोलावणं सहा महिन्यांचं होतं. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं सोसलेलं शरीर, वय अठरा, मराठी येत नाही, गुरू लांब. मुदत संपल्यावरही त्यांनी अभ्यास सोडला नाही, 2014 साली वारले तोपर्यंत पुणेच त्यांचं गाव राहिलं. ज्यांचं अंग वाकत नाही त्यांच्यासाठी त्यांनी पट्टे, विटा, खुर्च्या, दोर वापरायला लावले. माणसाला बाहेर काढण्याऐवजी आसन माणसापर्यंत आणलं. सरांच्या हॉलमध्ये अय्यंगारांचा फोटो आहे, म्हणून हे जास्त लागतं.

माझा अभ्यास अजून चालू आहे, आणि आईचाही, तिच्या परीनं.

थोडं राहिलं. चॅलेंज वाईटच असतं असं नाही. सुरुवातीला चार माणसं बरोबर असली की पाय निघतो, आणि काही जणांना हजेरीचा तक्ता खरंच लागतो. तुम्ही त्यातले असाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतः खूण करा, फक्त ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका. शेजारी एक माणूस धरा, फोटो बघणारी शंभर नकोत. बीपी किंवा काचबिंदू असेल तर उलटी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, पाय भिंतीला लावणंसुद्धा. बाई असाल तर पाळीच्या दिवसांत उलटी आसनं सोडून द्या, आराम वाटेल तेवढंच करा, आणि तो दिवस चुकला असं कुणाला म्हणू देऊ नका. महिन्याच्या चॅलेंजमध्ये हे दिवस येणारच, ते नियम करणाऱ्यानं आधी धरायला पाहिजेत.

आणि दुप्पट करायचं विचारलंय, तर नको. चुकला तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीचाच अभ्यास करा, जमलं तर थोडा कमीच. दुप्पट केलं की तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, मग तोही दिवस जातो.