हाउसमेटचा विषारी साप दोन दिवसांपासून घरात सापडत नाहीये, आणि तो म्हणतो कुणाला सांगू नकोस. काय करावं?

आधी घरातल्या सगळ्यांना सांगून या, मग पुढचं वाचा. चुगलखोर म्हणाला तर म्हणू दे.

आम्ही चौघे एका घरात राहायचो. त्यातल्या एकाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पिवळाधमक साप होता, दीड हात लांब, अंगठ्याएवढा जाड. फांदीला शेपटीचा वेढा घालून दिवसभर तसाच पडलेला. ‘ग्रीन ट्री पायथनचं पिल्लू आहे, बिनविषारी. मोठं झालं की हिरवं होईल,’ असं त्याने आम्हाला सांगितलेलं. आता त्या अजगराची पिल्लं बरेचदा पिवळी असतात आणि वाढताना हिरवी होतात, हे खरंच आहे. खोटं एवढंच की हे ते पिल्लू नव्हतं. दीड वर्ष झालं तरी पिवळ्याचा हिरवा होईना आणि आमच्यातल्या एकालाही शंका आली नाही. मी तर लाडाने हळद्या म्हणायचो त्याला.

मग सापाचा मालक चार दिवस बाहेरगावी गेला. वरच्या जाळीतून रोज पाणी फवारायचं काम माझ्याकडे दिलं. परत आल्यावर दोन रात्री हा माणूस टॉर्च घेऊन घरभर फिरतोय. विचारलं तर म्हणे चार्जर सापडत नाही. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘जाऊ दे रे, अजगराचं पिल्लूच ना, सापडेल कुठेतरी.’ तेव्हा खाली मान घालून म्हणतो, ‘अजगर नाहीये तो.’

आयलॅश व्हायपर होता. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्या चापड्याच्या कुळातला विषारी साप. डोळ्यांवरचे खवले पापण्यांसारखे उभे असतात म्हणून हे नाव. त्या पापण्या आम्ही दीड वर्ष बघत होतो! याच्या दंशाने अवयव सुजतो, मांस मरतं, रक्त गोठेनासं होतं. माणसं दगावलेली आहेत. आणि त्यावरचं प्रतिविष बनतं कुठे, तर कोस्टा रिकातल्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत. कोस्टा रिका नकाशावर नक्की कुठे आहे हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

हौशी लोकांना नेमकं हेच कळत नाही. एका सापाचं प्रतिविष दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात असलंच तर आसपासच्या रानातल्या सापांवरचं असतं, कुणाच्या पेटीतल्या पाहुण्यावरचं नाही. तेव्हा त्या हाउसमेटकडून आज एक गोष्ट वसूल करा: सापाचं शास्त्रीय नाव, कागदावर लिहून. ‘कुठलातरी कोब्रा आहे’ हे ऐकून घेऊ नका. त्या नावाचं प्रतिविष कुठे मिळेल हे त्यानेच फोन करून विचारायचं, तुमच्यासमोर.

बाकीचे दोघे त्याच रात्री बॅगा घेऊन निघून गेले. मी राहिलो, कारण एक तर जायला जागा नव्हती आणि दुसरं म्हणजे खापर माझ्यावर फुटलं होतं. ‘फवारताना झाकण तूच उघडं ठेवलं असशील.’ यावर नंतर येतो.

आम्ही दारादारांत मैदा पसरला. सकाळी त्यात फक्त आमचीच पावलं. तीन रात्री हाच उद्योग केल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की झाडावर राहणारा साप आम्ही जमिनीवर शोधतोय. मैद्याचा उपाय वाईट नाही, पण तुमचा साप चढणारा आहे, सरपटणारा आहे की बिळात घुसणारा, हे विचारल्याशिवाय एक चमचाही सांडू नका. मग मी काठीला दाढीचा आरसा बांधला आणि टॉर्च मारत उंचावरच्या जागा बघायला लागलो. सहाव्या दिवशी सापडला. बाथरूममध्ये गीझरच्या मागे, गरम पाइपला वेढा घालून. उबदार, दमट, अंधारी जागा. त्याच्या दृष्टीने पेटीपेक्षाही बरी. आम्ही सहा दिवस त्याच्या खाली उभं राहून आंघोळ करत होतो.

मी हात लावला नाही. दार ओढून घेतलं, फटीत टॉवेल कोंबला आणि जाणकार सर्पमित्राला बोलावलं. मालक म्हणत होता, मीच पकडतो, मला ओळखतो तो. साप कुणाला ओळखत नाही.

सुटलेला साप लांब पळतो ही बहुतेक वेळा भीतीच असते. २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून इजिप्शियन कोब्रा निसटला. आठवड्याभराने सापडला तो त्याच इमारतीत, एका अंधाऱ्या कोपऱ्यात. म्हणून पेटीच्या खोलीपासून सुरुवात करा. फ्रिजची मागची बाजू, कपाटाखालची फट, पुस्तकांमागची जागा. नुसता हात कुठेही घालू नका.

आता झाकण. झाकणाला कडी होती आणि आम्ही पाहिली तेव्हा ती लागलेली होती. साप बाहेर पडून कडी लावतो का? यावर त्याचं उत्तर, ‘ती मी आल्यावर लावली.’ बरं. मग पेटीच्या मागे हीटरची वायर जायला जे भोक होतं, त्यातला स्पंजचा बोळा टेबलामागे जमिनीवर काय करत होता? फवारणीने भिजून सुटला असेल म्हणालात, तर रोज फवार म्हणून सांगणारा कोण? यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण होतं. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयातून किंग कोब्रा निसटला. पेटीतला जुना दिवा तापायचा म्हणून तो जवळ जात नसे. त्याजागी कमी वीज खाणारा, न तापणारा दिवा बसवला आणि हा दिव्याच्या फटीतून छतात गेला. लोकांनी त्याचं नाव हुडिनी ठेवलं, बेड्या-कुलपांतून निसटून दाखवणाऱ्या जादूगारावरून. आठवड्याने तो आपणहून परत आला. झाकण कुणीही उघडं ठेवलं नव्हतं! ती बातमी मी आमच्या सापमालक साहेबांना तत्काळ पाठवली. उत्तर आलं, ‘तो किंग कोब्रा होता, वेगळी केस आहे.’

राहिलेलं पटकन सांगतो. कुणाला चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. अंगठ्या काढा, हालचाल थांबवा, दवाखाना गाठा. थुंकणारा कोब्रा असेल आणि विष डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धूत राहा. बिनविषारी म्हणून मोठ्या अजगरालाही हलक्यात घेऊ नका; २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टनला घरातला आफ्रिकन अजगर हवेच्या नळीतून गेला आणि झोपलेली दोन मुलं दगावली. ‘सांगितलं तर बोभाटा होईल’ म्हणत असेल तर होऊ दे. जर्मनीत हेर्ने इथे २०१९ मध्ये कोब्रा सुटला तेव्हा रहिवाशांना घरं सोडावी लागली होती, आणि त्या राज्यात २०२१ पासून अतिविषारी प्राणी घरी नव्याने पाळायलाच बंदी आहे. आणि हो, साप पाळणारे सगळेच असे नसतात, पेटीला कुलूप आणि त्यावर नाव लिहिणारेही मला भेटलेत.

तुमचा साप सापडला की पेटीत परत ठेवायच्या आधी मागचं वायरचं भोक बघा, त्याचा फोटो काढा आणि जपून ठेवा. झाकणाचा विषय निघेलच.