पुण्यात रात्री मांजराला काही झालं तर '२४ तास' लिहिलेल्या दवाखान्यांवर भरवसा ठेवता येतो का?

तुम्ही नुकतेच पुण्यात बदलून आलात आणि घरात दीड वर्षाचा बोका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाटी खोटी नसते. दवाखाना उघडा असतो, दिवे चालू असतात, माणूसही बसलेला असतो. तो माणूस डॉक्टरच असेल असं मात्र नाही. मला हे नेमकं अनंत चतुर्दशीच्या रात्री कळलं.

आम्ही सदाशिव पेठेत, पेरू गेटापाशी राहतो. आमचा बोका बंडू तेव्हा चार वर्षांचा होता. संध्याकाळपासून तो लिटर ट्रेमध्ये (शी-शूसाठी माती भरलेल्या ट्रेमध्ये) जाऊन बसायचा, जोर करायचा, तसाच बाहेर यायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा आत. आई म्हणाली, "पोट साफ होत नाहीये त्याचं, चमचाभर तूप दे." मलाही तेच वाटलं, दिलं. साडेदहाला त्याने ते तूप ओकून टाकलं आणि मोरीच्या कोपऱ्यात जाऊन असा ओरडला, की खाली मंडळाचा ताशा चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. उचलायला गेलो तर खालचं पोट मोसंबीसारखं टणक लागलं. ट्रेमधली माती ठणठणीत कोरडी.

पहिला फोन आमच्या नेहमीच्या ठिकाणी. पाटीवर ठळक '२४ तास'. उत्तर आलं, "डॉक्टर सकाळी दहाला येतील, हवं तर आणून ठेवा." आणून ठेवा! जणू इस्त्रीचे कपडे. दुसरा फोन नदीपलीकडच्या एका हॉस्पिटलला. तिथल्या मुलीने नाव-गाव काही न विचारता एवढंच विचारलं, "बोका आहे ना? शेवटची लघवी कधी केली?" मला सांगता येईना. "मग आत्ता निघा. आणि पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं."

निघा म्हणजे कसं? लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर, केळकर, सगळीकडे मिरवणूक. रिक्षाचं नावच नको. पिंजरा घरात नव्हता (चूक माझी), म्हणून कपड्यांच्या वेताच्या टोपलीत बंडू, वरून आईची ओढणी बांधलेली. गर्दीतून शास्त्री रोड, गांजवे चौक करत म्हात्रे पुलापर्यंत चालत गेलो. वाटेत एका ढोल-पथकाच्या मुलीने टोपलीतून बाहेर आलेला पंजा बघितला आणि पथकाचा दोर वर उचलून मला आरपार जाऊ दिलं. पुलापलीकडे मेहुणा स्कूटर घेऊन उभा होता. एवढ्याशा प्रवासाला तास लागला.

बोक्यांची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे चिकट स्राव आणि खड्यांची बारीक वाळू यांचा बोळा बसतो आणि लघवी तुंबते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय थांबतं. पूर्ण अडकलेला बोका दोन दिवसांच्या आतसुद्धा जाऊ शकतो. बंडूचे ठोके मंदावले होते, म्हणून आधी हृदयासाठी कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन, आणि मग गुंगी देऊन कॅथेटर. नळीतून पहिली धार आली ती रक्ताळलेली, गडद चहासारखी. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पिणं आणि ताण, दोन्हीने हे होऊ शकतं. खिडकीखाली दहा दिवस ढोल वाजत होते हे मी त्यांना सांगितलं, तर नुसते हसले.

तीन दिवस भरती, बिल साडेएकवीस हजार. त्यातले दहा आधी भरायला लागले, आणि त्या गर्दीत मोबाइलवरून पैसे जाईनात. मेहुण्याचं कार्ड चाललं.

तेव्हा तुम्ही हे फोन आजच, दिवसाढवळ्या करा. 'रात्री चालू असतं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रात्री दोनला डॉक्टर तिथे हजर असतात की घरून येतात, रक्ततपासणी तेव्हा होते का, भरती केलेल्या जनावराजवळ रात्रभर कोण असतं, आधी किती भरावे लागतात, हे विचारा. जो उलट तुम्हालाच मांजराबद्दल प्रश्न विचारायला लागेल, त्याचा नंबर फ्रिजवर लावा. एक नदीच्या अलीकडचा, एक पलीकडचा. औंधचा सरकारी दवाखाना दिवसा चांगला आधार आहे. १९६२ हा सरकारी नंबर मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुराढोरांसाठी, त्यावर रात्री पेठेत विसंबू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका. एक गोळीही जीव घेऊ शकते.

बंडूला आता ओलं खाणं असतं, आणि रोज सकाळी मी ट्रेमधली लघवीची ढेकळं मोजतो. दोन-तीन असली की चहा गोड लागतो. गणपतीचे दहा दिवस त्याला मेहुण्याकडे वारज्याला ठेवतो. मेहुणा ढेकळांचा फोटो पाठवतो, आणि आई तो चष्मा लावून बघते.