टक्के नंतर बघू, आधी पान 14 वाच

अगं, तुझ्या चिप कंपनीत पैसे घालणाऱ्यांची टर्मशीट, म्हणजे त्यांच्या अटींचा कागद, रात्री साडेअकराला आली, सकाळी चहा घेता घेता वाचली. तुझा प्रश्न एकच, काका, त्यांना कंपनीतला 18 टक्के हिस्सा देणं जास्त होतं का? होऊ देत. त्याआधी तुला एएमडीचं, त्या अमेरिकन चिप कंपनीचं सांगतो, तू तेव्हा शाळेत असशील.

2006 मध्ये त्यांनी एटीआय ही ग्राफिक्स चिपवाली कंपनी विकत घेतली, साधारण 5.4 अब्ज डॉलरला, त्यासाठी डोक्यावर कर्ज घेतलं आणि नेमका त्याच वर्षी त्यांच्या स्पर्धक इंटेलने कोअर 2 प्रोसेसर काढला. पुढच्या वर्षी एएमडीची बार्सिलोना चिप आली ती उशिरा, वर बग घेऊन, आणि 2007 चा तोटा गेला 3.3 अब्जांच्या पुढे. शिवाय जर्मनीत ड्रेस्डेनला स्वतःच्या फॅब, म्हणजे चिप बनवायचे कारखाने, पांढरा हत्तीच, धंदा असो नसो चारा घालावाच लागतो.

नोव्हेंबर 2007 ला अबू धाबीची सरकारी गुंतवणूक कंपनी मुबादला आली, 622 मिलियन डॉलर देऊन एएमडीचे 8.1 टक्के घेतले. ते पण पुरेनात. ऑक्टोबर 2008 ला, अमेरिकेतली लेहमन बँक बुडून महिनासुद्धा झाला नव्हता, फॅबच वेगळ्या काढायचं जाहीर केलं, अबू धाबीच्याच एटीआयसी या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीने एएमडीला 700 मिलियन द्यायचे आणि जवळपास 1.2 अब्जांचं कर्ज नव्या कंपनीच्या गळ्यात. तीच ग्लोबलफाउंड्रीज. ज्याच्याकडे फॅब तोच खरा मर्द, असं एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स म्हणायचे, त्यांच्याच कंपनीवर ही वेळ!

विकलं ते बरोबरच केलं, नाहीतर कंपनी राहिलीच नसती असं मला वाटतं. खरी गोम वेफर सप्लायच्या करारात होती, वेफर म्हणजे ज्या चकतीवर चिप बनतात ती, आणि एएमडीने ती ग्लोबलफाउंड्रीजकडूनच घ्यायची. म्हणजे बघ, घरातलं स्वयंपाकघर विकलं आणि लिहून दिलं की यापुढे जेवू ते याच खानावळीत, आणि खाडे धरायचे नाहीत. 2012 ला पीसीचा बाजार पडला, एएमडीला तेवढे वेफर नकोच होते, तर न घेतलेल्या मालापोटी 320 मिलियन भरले. बरं, दिवस पालटायला तरी किती वेळ लागावा, एएमडीची रायझन चिप यायला 2017 उजाडलं.

भोसरीत माझं युनिट होतं तेव्हा मी हेच केलंय, एका गिऱ्हाईकाने मशीनला पैसे दिले, अट एवढीच की आधी त्यांचं काम, पुढची तीन वर्षं चांगल्या ऑर्डरी दारातून परत पाठवल्या आणि त्यांचं काम पण निम्म्यावर आलेलं.

(गंमत म्हणजे 2025 ला इंटेलच पैसे शोधत होती, ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने तिचे जवळपास 10 टक्के घेतले, सप्टेंबरमध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीने तिच्यात 5 अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. तेव्हा पैसे मागायची लाज वगैरे सोड.)

आता तुझं पान 14. चिपचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग पाच वर्षं पैसे घालणाऱ्यांच्याच ग्रुप कंपनीकडून, वर्षाला कमीत कमी अमुक एवढे नग. तुझी पहिली चिप अजून टेपआउट झालेली नाही, म्हणजे डिझाइन बनवायलासुद्धा गेलेलं नाही, हा आकडा आला कुठून? त्यांना विचार, ऑर्डर कमी आली तर काय, आणि त्यांच्याकडे यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या नगांचं प्रमाण, पडलं तर मला दुसरीकडे जायची मुभा आहे का, उत्तर ईमेलवर घे, फोनवर नको. हे सुटत असेल तर 18 चे 20 झाले तरी मी हो म्हणेन.

शनिवारी ये, येताना पान 14 ची मोठ्या अक्षरात प्रिंट आण, मोबाईलवर मला ते बारीक दिसत नाही.