संपादित ग्रंथातल्या लेखाचं मानधन अडकलंय? आधी ती पावती शोधा

नमस्कार,

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं. सोळा लेखकांचं संपादित पुस्तक, त्यात तुमचं एक प्रकरण, पुस्तक येऊन दोन वर्षं झाली, आता दुसरी आवृत्तीही बाजारात, आणि मानधनाचं विचारलं की संपादक प्रकाशकाकडे बोट दाखवतात, प्रकाशक संपादकाकडे. त्यात जाता जाता तुम्ही लिहिलंय की 'मध्ये एकदा पावतीवर सही करून पाठवली होती.' माझ्या मते सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

मी वकील नाही, सीए नाही. कोशांच्या नोंदी, गौरवग्रंथ, अभ्यासक्रमाची पुस्तकं असलं लिहून जे कळलं तेवढंच सांगतो. लेखी करार आधी का केला नाही, हे वर चार जणांनी तुम्हाला ऐकवलंच आहे, त्यामुळे ते सोडतो.

माझ्या बाबतीत एक संस्था होती. नाव घेत नाही, तिथे अजून तीच माणसं आहेत. ग्रंथ छापून झाल्यावर प्रकाशन विभागातून पाकीट आलं. आत टाइप केलेली पावती: 'लेखाचे मानधन मिळाले', पुढे रक्कम, खाली रेव्हेन्यू स्टॅम्पसाठी चौकोन, आणि चौकोनाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'लेखाचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील'. सोबत चिठ्ठी, की सही करून उलट टपाली पाठवावी म्हणजे धनादेश काढता येईल. पैसे मिळाल्याची पावती आधी, पैसे मागाहून! ही आगाऊ पावतीची रीत बऱ्याच कार्यालयांत आहे आणि तिथल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. प्रकाशन विभाग म्हणे फाईल लेखा विभागात आहे, लेखा विभाग म्हणे आमच्याकडून कधीच गेली. साहेब दौऱ्यावर. मार्चमध्ये फोन केला तर 'मार्च एंडिंग होऊ द्या', एप्रिलमध्ये केला तर 'नव्या वर्षाची तरतूद यायचीय'. एक बाई तर म्हणाल्या, "सर, लेख छापून आला ना? मग?" त्या 'मग'वर काय बोलणार!

सुटका झाली ती आयकरामुळे. विवरणपत्र भरताना फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे कुणी किती कर कापून भरला ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, उघडला, तर त्यात संस्थेच्या नावापुढे माझं मानधन आणि त्यातून कापलेला १० टक्के कर. रक्कम तेव्हाच्या ३०,००० रुपयांच्या मर्यादेच्या खूप खाली होती (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली), म्हणजे कर कापायची गरजच नव्हती. पण कापला ते बरं झालं, कारण पैसे देणं त्यांच्या हिशेबात पडल्याचा पुरावा आयता हाती आला. त्याची प्रिंट जोडून पत्र केलं, प्रकाशन विभागाला नव्हे, थेट लेखा विभागाच्या प्रमुखांच्या नावे, आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. तेव्हा कुठे फाईल सापडली. धनादेश फाईललाच टाचणीने लावलेला! माझ्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत आला होता, कुणीतरी तो तिथे टोचून ठेवला आणि ३ महिन्यांची मुदत संपून गेली. पुस्तकी खर्च पडलेला, पावतीवर माझी सही, म्हणजे त्यांच्या लेखी मी पैसे घेऊन मोकळा. नवा धनादेश काढायला माझ्याकडूनच हमीपत्र घेतलं, हा वरचा कळस.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा २६एएस बघा. तिथे काही नसलं तरी निराश होऊ नका, कर कापलाच नसेल तर नोंद येणार नाही. पावतीची झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो शोधा. प्रकाशक सरकारी मंडळ किंवा विद्यापीठ असेल तर सरळ माहिती अधिकारात 'अमुक लेखाचे मानधन कोणत्या तारखेला, कोणत्या धनादेशाने दिले' असं विचारा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज जातो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी प्रकाशक असेल तर संपादक आणि प्रकाशक दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे बोटं दाखवायला जागा उरत नाही. फार थांबू मात्र नका. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, आणि गोड बोलून ती सहज काढली जाते.

आता दुसरी आवृत्ती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, ते एकदा वाचाच. हक्क दिले असं म्हणायला लेखकाच्या सहीचा कागद लागतो. त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे यायला हवं. काळ लिहिलेला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. सोळा जणांचे लेख वेगवेगळे असतील तर ज्याच्या त्याच्या लेखाचा हक्क मुळात ज्याचा त्याचा. संपादकाचा हक्क निवड आणि मांडणीवर. म्हणून तुमच्या पावतीवर नुसतं 'मानधन मिळाले' एवढंच असेल तर दुसऱ्या आवृत्तीचे पैसे मागायला तुमची बाजू चांगली आहे. माझ्यासारखी 'सर्व हक्क' ओळ असेल तर वकिलाला दाखवा, तिथे माझी अक्कल संपते. ऑडिओबुकचं कुणी विचारलं तर तोंडी हो म्हणू नका.

रॉयल्टीचा वाटा मागावा का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत: मागू नका. ४०० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रती, छापील किमतीवर १० टक्के धरले तर सगळी आवृत्ती खपून २०,००० होतात. त्यातले अर्धे संपादकाला गेले तर सोळा जणांत प्रत्येकी ६२५ रुपये, तेही विक्रीचा हिशेब कुणी दिला तर. 'निव्वळ विक्रीवर' असं लिहिलं असेल तर विक्रेत्याचं कमिशन वजा होऊन आणखी कमी. त्यापेक्षा शब्दांच्या किंवा पानांच्या हिशेबाने एकरकमी घ्या आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक रक्कम लिहून घ्या. कथासंग्रहवाल्यांचं मत वेगळं असेल, असू द्या.

आणि प्राध्यापक मंडळींनो, तुम्हीही भाव पाडलाय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत नेमणूक-बढतीसाठी संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५ गुण आहेत, त्या गुणांपायी लेखकच प्रकाशकाला पैसे मोजतात आणि वर स्वतःच्या दहा प्रती विकत घेतात. असे लेखक रांगेत उभे असताना मानधन मागणारा कार्यालयाला आगाऊच वाटणार.

असो, विषय भरकटला. मी लेखा विभागाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. पावतीवर नेमकं काय छापलंय ते मात्र आधी इथे लिहा. नुसत्या आठवणीवर कुणालाच सांगता येणार नाही. आणि या खेपेला सही मागितली तर सहीखाली स्वतःच्या हाताने 'रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर ग्राह्य' असं लिहा. कार्यालय कुरकुर करेल, करू द्या.