नागपुरात राहून फ्रीलान्स लेखनावर घर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, सध्या एका कृषी केंद्रात काउंटरवर नोकरी आहे, मराठीत लिहायला मनापासून आवडतं, तर नागपुरात राहून फ्रीलान्स रायटर म्हणून करिअर होतं का की पुण्या-मुंबईला जावंच लागतं. होतं. इथेच राहून होतं, आणि तुमच्याजवळ जी डिग्री आहे ना, तिच्यामुळेच होतं. मी बरीच वर्षं हेच काम करून राहिलो, घर यावरच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, "मी कंटेंट रायटर आहे, कोणत्याही विषयावर लिहून देतो" असं सांगत फिरू नका. अशा माणसाला शब्दाला ५० पैसे सांगणारेच भेटतात, आणि आता तर तेही कमी झालेत कारण कोणत्याही विषयावर ठीकठाक मजकूर चॅटजीपीटी मिनिटात काढून देतं. क्लायंट चांगले पैसे मोजतो ते तुम्हाला विषय कळतो याचे. तुम्हाला कपाशी कळते, संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार कळतो, आणि मुख्य म्हणजे शेतकरी दुकानात येऊन नेमकं काय विचारतो ते तुम्ही रोज ऐकता. मुंबईच्या एजन्सीत बसलेल्या हुशार पोराकडे हे नसतं हो. शिवाय या विषयाला लागणारं सगळं नागपुरात आहे, वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षणवाले, महाराजबागेला लागून १९०६ सालापासूनचं कृषी महाविद्यालय. लिहिताना शंका आली तर गाडी काढायची आणि जाऊन विचारून यायचं. कामाची गोष्ट विचारली तर शास्त्रज्ञ मंडळी वेळ देतात, माझा तरी तोच अनुभव आहे.

काम नेमकं कसं असतं ते एका उदाहरणाने सांगतो. एका कंपनीचं कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरचं पत्रक माझ्याकडे "जरा मराठी नीट करा" म्हणून आलं. सुरुवातीला कंपनीचा इतिहास, मग उत्पादनाची वैशिष्ट्यं, आणि शेतकऱ्याने करायचं काय ते मागच्या पानावर खाली कोपऱ्यात. मराठी नीट करून काही फायदा नव्हता, म्हणून मी क्रमच उलटा केला. पहिली ओळ लिहिली, "पेरणीला ४५ दिवस झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा." (हे सापळे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडतात.) मग, "सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचं बघा, त्याआधी पैसे घालवू नका." मग, "पाकळ्या न उघडता फूल मिटलेलं राहिलं, म्हणजे डोमकळी दिसली, तर तोडा, आतल्या अळीसकट नष्ट करा." कंपनीचं नाव, फोन नंबर सगळं शेवटी. मॅनेजर आधी काही केल्या तयार होईना, आमचं नाव खाली कसं म्हणे, पण डीलर लोकांनी तेच पत्रक पुन्हा मागवलं आणि पुढच्या हंगामाचं सगळं काम न विचारता माझ्याकडे आलं. या कामात भाषा सुंदर असण्यापेक्षा वाचणाऱ्याला आधी काय पाहिजे ते ओळखणं जास्त महत्त्वाचं, आणि ते तुम्ही काउंटरवर शिकूनच राहिले आहात.

आणि हे काम छोटं समजू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. त्यामागे कारणं अनेक होती, पण वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दोन औषधं मनाने मिसळू नका, मास्क-हातमोजे घाला, या साध्या गोष्टी ज्याच्या हातात पंप असतो त्याला कळतील अशा मराठीत सांगणारा कोणी असणं किती गरजेचं आहे ते तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. औषधाच्या डब्यासोबतचं माहितीपत्रक मंजूर मजकुराचं असतं, त्याला आपण हात लावू शकत नाही, पण गावसभेचं पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, दोन मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट हे सगळं कोणीतरी लिहितंच ना, मग ते तुमच्यासारख्या माणसाने लिहावं.

कामं कुठून मिळतात? बियाणं, खत, ठिबकच्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, गावात काम करणाऱ्या संस्था, त्यांचे अहवाल आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शेतीचं दैनिक अ‍ॅग्रोवन, आकाशवाणीचे शेतीचे कार्यक्रम यात मानधन बेताचंच असतं, घर त्यावर चालत नाही, पण तिथे नाव आलं की कंपनीवाला फोन उचलतो, म्हणून सुरुवातीला ते जरूर करा. अपवर्क-फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामाच्या साइटवर मराठी लेखनाचं फारसं काही हाती लागत नाही, मी तिकडे वेळ घालवत नाही.

आता पैशांचं, कारण बहुतेक लोक लिहिता येत नाही म्हणून सोडत नाहीत, पैसे अडकतात म्हणून सोडतात. एका एजन्सीने माझं चांगलं मोठं बिल आठ-नऊ महिने लटकवलं होतं, रोज "अकाउंट्सला टाकलंय सर" हेच. तेव्हापासून नवीन क्लायंटकडून अर्धे पैसे आधी, आणि ठरलं ते सगळं ईमेलवर, किती शब्द, किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी. सोबत उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी करून घ्या, आधारवर ऑनलाइन होतं आणि पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा. त्याचा फायदा असा की लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर १५, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि २०२४ पासून तर असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करातून वजाही दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर टाकला की अकाउंट्सवाले वेगळ्या नजरेने बघतात, खरं सांगतो. कंपन्या बहुतेक १० टक्के टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कर कापतात, घाबरू नका, रिटर्न भरा, तुमचा कर तेवढा बसत नसेल तर परत मिळतो. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर, म्हणजे सध्या विसरा.

हक्काचंही बघत जा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो, आणि हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरली जातात. कंपनीच्या पत्रकाचे हक्क खुशाल देऊन टाका, त्याचेच तर पैसे घेतो आपण. पण तुमच्या नावाने छापून येणारा लेख, लेखमाला, जिचं उद्या पुस्तक होऊ शकतं, तिथे "सर्व हक्क कायमचे" असं वाक्य दिसलं की थांबा आणि ते बदलून मागा, बरेच संपादक बदलून देतात.

नोकरी इतक्यात सोडू नका. घरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि किमान तीन क्लायंट स्वतःहून दुसऱ्यांदा आले की मग विचार करा. एकाच मोठ्या क्लायंटच्या भरवशावर तर अजिबात नको, तिथला मॅनेजर बदलला की सगळं काम एका दिवसात जातं.

आणि वेळ सांभाळा, या धंद्याला हंगाम आहे. खरिपाचं साहित्य कंपन्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार करतात, मे संपत आला की पत्रकं छापून तालुक्याला पोचलेली असतात, तेव्हा जाऊन काही उपयोग नाही. दिवाळी अंकाला लेख द्यायचा असेल तर संपादकाशी जुलैपर्यंत बोलून ठेवा. हिवाळ्यात नागपुरात शेतीचं प्रदर्शन अ‍ॅग्रोव्हिजन भरतं, तिथे प्रत्येक स्टॉलवरचं मराठी पत्रक उचला, घरी नेऊन त्यातली सगळ्यात वाईट तीन निवडा आणि वर सांगितलं तशी नव्याने लिहून काढा. मग जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून त्या त्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला जानेवारीत पाठवा, सोबत एवढंच लिहा की मी कृषी पदवीधर आहे, कृषी केंद्रात काम करतो आणि शेतकरी हे असं वाचतो.