सर्टिफिकेट कुठलं ते सांगते, पण आधी मुलीचं बोलू

तुम्ही नाशिकहून विचारलंय: नवऱ्याला जर्मनीत न्युर्नबर्गजवळ नोकरी लागली आहे, त्यांचं ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा तिथे राहण्याचा परवाना) होतंय, तुम्ही बीकॉम, पतसंस्थेत काउंटरवर काम केलेल्या, कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी. निघण्याआधी आयटीतलं एखादं सुरुवातीचं सर्टिफिकेट करावं का? कॉम्प्टिया ए प्लस (कॉम्प्युटर सपोर्टचं), क्लाउड की सॉफ्टवेअर टेस्टिंग? पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतोय, तो लावावा का? शेवटी, तिकडे फार एकटं वाटतं का? आणि मध्येच कंसात लिहिलंय, 'मुलगी दुसरीत आहे.' मी त्या कंसापाशीच अडकले. म्हणून हे एवढं लांबलचक.

व्हिसा, आरोग्यविमा, पत्त्याची नोंदणी यांवर मी काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीत नीट दिलेलं आहे. मीही तुझ्यासारखीच नवऱ्यामागून याच भागात आले. साताऱ्यात शाळेत गणित शिकवायचे. (एकेरीवर आले, राग मानू नकोस. तू मला ताई म्हटलंस, त्याचा फायदा घेतला.) बाव्हेरियात, म्हणजे या राज्यात, शिक्षकाला दोन विषय आणि सरकारी परीक्षा लागते, त्यामुळे माझं बीएड पेटीतच राहिलं आणि मी टेस्टिंगकडे वळले.

आधी सर्टिफिकेटांचं उरकते. ए प्लसला दोन पेपर, दोन्हींची फी वेगळी, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. अमेरिकेत हेल्पडेस्कच्या जाहिरातीत ते नावानिशी मागतात. इथल्या जाहिरातीत पहिली अपेक्षा बहुतेक वेळा एकच असते: फाखइनफॉर्माटिकरची (आयटी तंत्रज्ञाची) आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत शिकायचं व्यावसायिक प्रशिक्षण, पूर्ण केलेली, किंवा तत्सम. आपल्यासारख्यांची सगळी धडपड त्या 'किंवा तत्सम'मध्ये बसण्यासाठी. क्लाउडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षा, म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-९००, घरी बसून देता येतात. त्यांनी मुलाखतीत समोरचा काय बोलतोय ते कळायला लागतं. नुसत्या त्यांच्यावर नोकरी मिळालेलं माझ्या ओळखीत कुणी नाही.

टेस्टिंगचं आयएसटीक्यूबी फाउंडेशन मी केलंय. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. पेपर मातृभाषेत नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात. ते कधी बाद होत नाही आणि भारतात दिलंस तरी इथे तेच चालतं, म्हणून द्यायचंच तर तिकडे रुपयांत दे. अभ्यास अवघड नाही. वयाची अट १८ ते ६० असेल तर १७, १८, ६० आणि ६१ टाकून बघायचं, चुका काठावर असतात, असल्या गोष्टी. हे मी आठवीच्या पोरांना फळ्यावर शिकवतच होते. इथे त्याला सर्टिफिकेट मिळालं.

पण नोकरी त्या कागदावर मिळाली नाही. आमच्या कंपनीचं बरंचसं टेस्टिंग हिंजवडीत चालतं, आणि दोन्हीकडचं बोलणं कळणारं माणूस त्यांना हवं होतं. म्हणजे मी एवढ्या लांब येऊन दिवसभर पुण्याशीच बोलते. कधी भर मीटिंगमध्ये तोंडातून मराठी जातं आणि इकडचे बघत राहतात. आता तर हातानं करायच्या टेस्टिंगची कामं आणखी कमी होत चालली आहेत. तुला मी तो रस्ता आनंदानं सुचवणार नाही.

सुचवायचंच तर हे. तिकडे असतानाच जर्मन सुरू कर, ए२ पर्यंत, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतल्या दुसरीपर्यंत, आलीस तरी खूप. इथे बाहेरून आलेल्यांसाठी इंटिग्रेशन कोर्स असतो, ७०० तासांचा, त्यात ६०० तास भाषेचे. त्यापुढे बी२, म्हणजे चौथी पायरी. मग रोजगार खात्यात नाव नोंदवून बिल्डुंग्सगुटशाइन मागायचं. हे एक व्हाउचर असतं, मान्यताप्राप्त प्रशिक्षणाची फी त्यातून भरली जाते. तो हक्क नव्हे, समोरच्या सल्लागाराला पटावं लागतं, आणि ते जर्मनमध्ये पटवावं लागतं. माझा टेस्टिंगचा कोर्स त्यावरच झाला. त्याच व्हाउचरवर उमशूलुंगही होते, म्हणजे नव्या व्यवसायाचं शिक्षण. तीन वर्षांची आउसबिल्डुंग मोठ्या माणसांना साधारण दोन वर्षांत, शेवटी उद्योग मंडळाची तीच परीक्षा जी इथली पोरं देतात. ती झाली की 'किंवा तत्सम'ची भानगडच नाही. हिशेब मांडशील तर भाषा धरून चारेक वर्षं. पुण्याचा क्लास सहा महिने म्हणतोय, मला कळतंय. आणखी एक, देशभराच्या रोजगार खात्याचं मुख्यालय न्युर्नबर्गातच आहे, स्थलांतर खात्याचंही, आणि परदेशी व्यावसायिक शिक्षण तपासणारं उद्योग मंडळांचं कार्यालयही. त्यामुळे तुला वाटेल की कामं पटापट होतील. दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगाच नाही.

कागदांवरून आठवलं. आपली नावं. माझ्या पदवीवर माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. बीएडच्या गुणपत्रिकेवर आणखी आईचंही नाव. इथल्या आमच्या गावच्या एका कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसानं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं आणि माझी फाइल माझ्या वडिलांच्या नावावर उघडली. ते दुरुस्त करायला गेले तर दुसऱ्यानं तीन कागद पुढे सरकवले आणि विचारलं, यातल्या तुम्ही कोण? तो चेष्टा करत नव्हता. पत्रं, स्मरणपत्रं, पुन्हा वेळ घ्या, ती वेळ मिळेपर्यंत आधीचा कागद जुना. बॉनला पदवीची तुलना करून देणारं कार्यालय आहे, तिथे अर्ज करण्याआधीच हे नावाचं निस्तरावं लागलं. तू लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत काढून आण, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्रही. मराठीचे शपथबद्ध अनुवादक इथे शोधून दमशील.

आता त्या कंसाकडे येते.

बाव्हेरियात चौथीच्या वर्षी मे महिन्यात मुलाच्या हातात एक प्रगतिपुस्तक देतात, युबरट्रिट्ट-त्सॉइग्निस. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी. इथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (मधली), बाकीचे मिटेलशूले (कामधंद्याकडे नेणारी). दहा वर्षांच्या पोराचं. माझा मुलगा आला तेव्हा तिसरीत होता. गणितात तो वर्गाच्या पुढे, आणि परिसर अभ्यासात बीच आणि ओक कसे ओळखायचे, सायकलच्या परीक्षेत कुठल्या वळणावर कोणाला आधी जाऊ द्यायचं, हे सगळं जर्मनमध्ये. व्हायचं तेच झालं. मिटेलशूले.

नंतर, खूप नंतर, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंकडून कळलं की नियमातच सवलत आहे. मातृभाषा जर्मन नसेल, मूल पहिलीपासून इथल्या शाळेत नसेल आणि गुण कमी पडले ते भाषेमुळे, भाषा सुधारण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंतसुद्धा पात्र ठरवता येतं. पालकसभेत हे कुणी उच्चारलं नव्हतं. वर्गशिक्षिका प्रेमळ होत्या, हसून म्हणाल्या होत्या, इथे सगळे रस्ते पुढे जाऊन मिळतात. ते खोटं नाही. पण मी स्वतः शिक्षिका होते. ज्या पोराला सवलत लागू आहे त्याच्या आईला बोलावून सांगायचं असतं, एवढं आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतही करत होतो. मला अजून त्या इमारतीवरून जाताना रस्ता बदलावासा वाटतो.

रस्ते मिळाले. त्यानं दहावीला मधल्या पातळीचा दाखला घेतला आणि आता फाखइनफॉर्माटिकरची आउसबिल्डुंग करतोय, सिस्टिम्सच्या शाखेत. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकी दिवस कंपनीत, सर्व्हर आणि केबलींमध्ये, आणि वर महिन्याला पगार. शेवटी ४० तासांचा स्वतःचा प्रकल्प करून परीक्षकांसमोर मांडायचा. मी जे सर्टिफिकेटांच्या चिंध्या जोडून केलं ते तो पोरवयात सरळ करतोय, आणि नोकरीचं म्हणशील तर त्याच्या वर्गातल्या कुणालाच फारशी चिंता दिसत नाही. तो खूश आहे. खूश नाही ती मी. सासूबाई फोनवर विचारतात, म्हणजे डिप्लोमाच ना? मी म्हणते, आयटीत आहे, आणि पाऊस झाला का विचारते. पुतणी सीओईपीला लागली तेव्हा मी पेढ्यांचे पैसे पाठवले आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. ज्या व्यवस्थेत जा म्हणून मी तुला आत्ता सांगितलं, तीच माझ्या मुलाला मिळाली तर मला कमीपणा का वाटतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. नवरा म्हणतो, तुझं साताऱ्याचं डोकं. असेल.

म्हणून सांगते, येण्याची तारीख तुझ्या कोर्सवरून ठरवू नकोस, तिच्या इयत्तेवरून ठरव. इथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतं. ती दुसरीत असतानाच आलीस तर त्या मे महिन्याआधी तिला दोन वर्षांहून जास्त मिळतात. क्लास पूर्ण करून, परीक्षा देऊन, निवांत निघालीस तर ती तिसरीच्या मध्यात येऊन पडेल. शाळेत एक वर्ष खाली बसवायला तयार असतील तर नाही म्हणू नकोस, आपल्याकडे त्याला नापास समजतात म्हणून लाजू नकोस. आणि ३.३३ची गोष्ट पहिल्याच पालकसभेत काढ, मोडक्या जर्मनमध्ये काढ.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त येतो. व्हिटॅमिन डी घ्यायचं, बाहेर पडायचं, मंडळात जायचं पण रोज नाही. त्यात लिहिण्यासारखं फार काही नाही.

क्लासचे पैसे भरले नसशील तर भरू नकोस. भरून झाले असतील तर निदान सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं छापून घे.