स्टीलच्या रोड बाईकचा जुना थाट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली, लगवाली (सांध्यांवर धातूच्या खोळी असलेली) स्टील फ्रेम आहे. क्रँक (पेडलचे दांडे) पॉलिश केले, तपकिरी कडांचे टायर घातले, कापडी टेप गुंडाळली, तरी जुन्या रेसच्या फोटोंमधल्या सायकलींसारखी ती दिसत नाही. सीट जवळजवळ फ्रेमला टेकलीय आणि ब्रेक लिव्हर हाताला बरे पडावेत म्हणून हँडल थोडं वर फिरवलंय. आणखी काय बदलू?

उत्तर: आणखी काहीच विकत घेऊ नका, आधी सीट आणि हँडल हे दोन्ही बघू. त्या काळच्या फ्रेमची टॉप ट्यूब, म्हणजे वरची आडवी नळी, जमिनीला समांतर असायची, त्यामुळे नजर आधी त्या रेषेवर जाते आणि बाकी सगळं तिच्याशी ताडून बघते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, साधारण मूठभर बाहेर दिसली की फ्रेम मापाची, असा तेव्हाचा ढोबळ हिशोब होता. आता तुमची सीट खरंच तितकी खाली हवी का ते मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला 0.883 ने गुणायचं. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालेलं हे सूत्र आहे. म्हणजे 84 सेंमी आले तर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतात त्या अक्षाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 74 सेंमी. बरेच जण सीट उगाच खाली ठेवून चालवतात आणि गुडघे दुखतात म्हणतात, तुमचंही तसं असेल तर सीट वर गेल्यावर अर्धी सायकल आपोआप देखणी होईल. पण मोजूनही सीट तिथेच राहिली तर फ्रेम तुम्हाला मोठी आहे, आणि मग कितीही महागडे पार्ट लावा, ती तशीच दिसणार. अशा वेळी मापाची फ्रेम शोधावी हे माझं स्पष्ट मत आहे, मोह कितीही असला तरी.

आता हँडल. जुन्या गोल ड्रॉप हँडलमध्ये खालचा सरळ भाग जमिनीला समांतर ठेवतात, फार तर त्याचं टोक मागच्या ब्रेककडे किंचित झुकलेलं चालतं. त्या सरळ भागाच्या खालून एक फूटपट्टी पुढे धरा आणि ब्रेक लिव्हरचं टोक पट्टीला जेमतेम टेकेल इतपत लिव्हर सरकवा, झालं काम. ह्यात वरच्या भागाकडून हुडकडे (लिव्हरवरच्या रबरी पकडीकडे) थोडा उतार राहतो, आजच्या सायकलींसारखी सपाट जागा मिळत नाही, म्हणून लोक अख्खं हँडल वर फिरवतात आणि मग खालची टोकं जमिनीकडे बघायला लागतात. दिसायला तर ते वाईटच, पण खाली पकडून उतारावर ब्रेक दाबायचा तर बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचतही नाहीत. उंची हवीच असेल तर हँडल न फिरवता स्टेम (हँडल धरणारी दांडी) वर घ्या, फक्त त्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये. त्याहून उंची लागली तर लांब दांड्याचा क्विल स्टेम (फ्रेमच्या नळीत आत जाणारा) मिळतो, तो घ्या.

आणि सगळे पार्ट बारीकच ठेवा. त्या फ्रेमची टॉप ट्यूब 25.4 मिमी, डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) 28.6 मिमी, मग त्यावर अडॅप्टर टाकून 31.8 मिमीचं जाड हँडल बसवलं की काडीपैलवानाला पागोटं घातल्यासारखं होतं. इंग्रजी 7 च्या आकड्यासारखा आडवा स्टेम, 32 किंवा 36 तारांची चाकं, बारीक रिम, बस. टायरचं नाव व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवा, ते नुसतं दिसण्यासाठी नसतं, ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरमध्ये काटा नेमका कुठे शोधायचा ते लगेच कळतं.

प्रश्न: मागचं चाक बसायची जागा 126 मिमी रुंद आहे, 130 मिमीचं नवं चाक बसवता येईल का? फ्रेम मोडणार तर नाही?

उत्तर: स्टील आहे म्हणून बसेल, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमीच फाकवायचंय. पण नुसतं ढकलून बसवू नका, फ्रेम कायमची वाकवून घेतली की ड्रॉपआउट (चाक बसतं त्या खाचा) पुन्हा एकमेकांना समांतर आणि डिरेलरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर सरळ करून घ्यावा लागतो, नाहीतर अ‍ॅक्सलवर तिरका ताण येतो आणि गिअर कधीच नीट लागत नाहीत. हत्यारं असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला हा प्रयोग अजिबात नको. मला विचाराल तर मागचे सहा-सात गिअर आणि 126 मिमीच ठेवा, फ्रिक्शन शिफ्टरवर (ठरलेले टप्पे नसलेल्या गिअरच्या दांडीवर) ते मस्त चालतात.

प्रश्न: पुढच्या चकत्यांना 52/42 आणि मागे 13-21 दात, चढ आला की जीव जातो. पुढची छोटी चकती 36 ची करता येईल?

उत्तर: तुमच्या क्रँकवर चकती धरणाऱ्या बोल्टचं वर्तुळ 144 मिमीचं असेल तर नाही, त्यात 41 पेक्षा लहान चकती बसतच नाही. मागे 28 पर्यंतचा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) घ्या, 42/21 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाक दोनदा फिरतं, 42/28 ला दीडदाच, हा फरक पायाला चांगलाच जाणवतो. मात्र मागचा डिरेलर 28 दात पेलतो का ते आधी बघा, त्या काळचे बरेच रेसिंग डिरेलर 26 च्या आसपासच थांबतात. त्याहून हलकं हवं असेल तर 110 मिमी वर्तुळाचा चंदेरी क्रँक घ्या, त्यावर 34 ची चकती बसते आणि रूपही बिघडत नाही. क्रँकसोबत बॉटम ब्रॅकेट बदलणार असाल तर आटे आधी तपासा: इटालियन शेल (बॉटम ब्रॅकेट बसते ती फ्रेमची नळी) 70 मिमी रुंद, इंग्लिश 68 मिमी. इंग्लिशमध्ये उजवा कप (बॉटम ब्रॅकेटची आट्यांची वाटी) उलट्या आट्याचा असतो, इटालियनमध्ये दोन्ही सरळ, म्हणून इटालियनचा उजवा कप चालवताना ढिला होऊ शकतो, तो चांगला आवळा.

प्रश्न: स्टेम फ्रेममध्ये अडकलाय, हलतच नाही.

उत्तर: वरचा बोल्ट काही फेरे सैल करा, काढू नका, आणि त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोका, आतली पाचर सुटते. तरी हलला नाही तर स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियम गंजून चिकटलंय, मग स्टेम जिथे आत जातो तिथे भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल थोडं थोडं इकडे-तिकडे फिरवा, एकदम झटका देऊ नका, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकेल. निघाला की आतलं पुसून ग्रीस लावूनच परत बसवा, सीटपोस्टलाही तसंच, आणि वर्षातून एकदा दोन्ही बाहेर काढत जा.